‘आजी, तू झोपलीस का?’ : शब्दाला शब्द धरणारी मुलं

एका आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सव्वाचार वर्षांचा. सांगितलेलं सगळं शब्दशः घेतो. “आजी झोपली का बघून ये” असं आईनं सांगितलं, तर आत जाऊन आजीला गदागदा हलवून “आजी, तू झोपलीस का?” असं विचारून आला आणि बाहेर येऊन म्हणाला, “नाही झोपली.” घरातले पोट धरून हसले, तो भोकाड पसरून रडला. सासूबाई म्हणतात पोरगा आगाऊ आहे. मैत्रीण म्हणते डॉक्टरांना दाखव. आणि आईला कळत नाही की हसावं, रागवावं की काळजी करावी.

मी आधी बालवाडीत मुलांना शिकवलं, पुढे बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवलं. असल्या वाक्यांनी भरलेल्या वह्या माझ्या कपाटात आहेत, कारण कोसबाडच्या बालशिक्षण केंद्रात शिकून आलेल्या माझ्या पहिल्या बाईंनी सवयच लावली होती, की मुलाचं वाक्य दुरुस्त करण्याआधी लिहून ठेवायचं. त्या वह्यांच्या भरवशावर सांगते. खुशाल हसा, पण तो का रडला ते समजून घेऊन. रागवायचं कारण नाही. काळजीचं म्हणाल, तर नुसत्या एवढ्यावरून अजिबात नाही. कशावरून करावी ते शेवटी लिहिलं आहे.

आधी आजीचं प्रकरण. त्यात त्याचं चुकलं काय? त्याच्याकडे एक प्रश्न दिला गेला. आजी झोपली आहे की नाही हे सगळ्यात खात्रीनं कोण सांगेल? आजी. म्हणून त्यानं तिलाच विचारलं, आणि मिळालेलं उत्तर प्रामाणिकपणे आणून दिलं. उत्तर खरंही होतं. तो विचारेपर्यंत आजी जागी झालेली होती. तुम्ही न बोललेला भाग होता “न उठवता”. आपण मोठी माणसं निम्मं वाक्य बोलतो आणि निम्मं समोरच्यावर सोडतो. ते उरलेलं निम्मं भरायला शब्द कळून पुरत नाही, बोलणाऱ्याच्या मनात काय चाललंय तेही ओळखावं लागतं. आई का विचारतेय? बहुधा तिला मिक्सर लावायचाय. चार वर्षांच्या मुलाला शब्द झपाट्यानं येत असतात, पण दुसऱ्याच्या मनात डोकावायचं काम त्यानं नुकतंच सुरू केलेलं असतं.

तुमच्या घरात हे रोज घडत असेल, फक्त लक्षात येत नसेल. फोनवर मावशी विचारते, “आई आहे का?” मूल म्हणतं, “आहे,” आणि फोन ठेवून खेळायला जातं. “हात धुतलेस का?” “हो.” धुतले होतेच, सकाळी. माझ्या वहीतलं सगळ्यात लाडकं वाक्य एका साडेचार वर्षांच्या मुलीचं आहे. आईनं “जरा दुधाकडे बघ गं” म्हणून तिला ओट्याजवळ, पण गॅसपासून लांब, स्टुलावर बसवलं आणि दारात कुरिअरवाल्याशी बोलायला गेली. परत येते तो शेगडीभर दूध. मुलगी शांतपणे म्हणाली, “आधी ते वर आलं, मग बाहेर आलं, मग खाली गेलं. मी सगळं बघितलं.” आता तिला रागवणार कशावरून? सांगितलेलं काम तिच्याइतकं चोख कुणीच केलं नसतं.

दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलते आहे तर एक सोपा प्रयोग सांगते, घरी करता येतो. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मुलांना गोळ्यांचा ओळखीचा डबा दाखवून विचारायचे, आत काय असेल? मूल म्हणायचं, गोळ्या. उघडला की आत पेन्सिल. मग डबा बंद करून विचारायचं, बाहेर उभा असलेला तुझा मित्र हा डबा पाहून काय म्हणेल, आत काय आहे? तीन वर्षांची बहुतेक मुलं सांगतात, पेन्सिल. मला ठाऊक आहे म्हणजे जगाला ठाऊक आहे. चार-पाचच्या सुमारास उत्तर बदलतं : तो फसेल, गोळ्या म्हणेल. मराठी घरात यासाठी वेगळा डबा आणावा लागत नाही. आपल्या फ्रीजमधल्या श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून सगळं असतं, कढीपत्त्यापासून इडलीच्या पिठापर्यंत. पाहुण्यांचं मूल आणि तुमचं मूल दोघांना घेऊन करून बघा. फोनवर आजोबांना “हे बघा माझं चित्र” म्हणून कागद कानाजवळ धरणारं मूल याच पायरीवर उभं असतं. व्हिडिओ कॉल आल्यापासून हा विनोद कमी झालाय, तेवढंच.

आता शब्दांकडे वळू. आपण काय बोलतो ते एक दिवस मुलाच्या कानांनी ऐका. पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते, नाव पडतं, प्रश्न पडतो आणि मूलही पडतं. यातलं लागतं फक्त मुलाला. मग एखाद्यानं “पाऊस पडला? त्याला लागलं का?” असं विचारलं, तर तो शब्दाचा अर्थ अगदी बरोबर लावतोय. खाण्याचं तर विचारूच नका. माणसं मार खातात, शपथ खातात, शिव्या खातात, हवा खायला जातात आणि वर मुलाला म्हणतात, “माझं डोकं खाऊ नकोस.” एका मुलानं वर्गात विचारलं होतं, “बाई, मार गोड असतो का तिखट?” शेजारच्यानं अनुभवी आवाजात उत्तर दिलं, “तिखट.” लाईट जाते म्हटलं की कुठे जाते, कधी येणार, येताना काय आणणार. ताप चढला म्हटलं की कशावर चढला. शाळा सुटली म्हटलं की कुणी बांधून ठेवली होती. “आईच्या पोटात बाळ आहे” हे ऐकून “तू खाल्लंस त्याला?” हा प्रश्न दुसऱ्या बाळाची वाट बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात येतो. त्याचं उत्तर एका वाक्यात द्या : जेवण जातं ती पिशवी वेगळी आणि बाळाची पिशवी वेगळी, तिला गर्भाशय म्हणतात. शब्द अवघड आहे म्हणून मूल अडत नाही. ज्यांना ‘टायरॅनोसॉरस’ म्हणता येतं त्यांना ‘गर्भाशय’ म्हणता येतं.

यात आपला हातभारही थोडा नाही. चंद्राला आपण चांदोमामा म्हणतो, चिमणीला चिऊताई, मांजरीला मनीमाऊ. भूभू, हम्मा, मम्मं, बाऊ, गाईगाई ही तर वेगळी बोलीच आहे; पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठी बाळबोलीवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला होता. या बोलीत वाईट काही नाही, मुलांना तिच्यामुळे बोलण्याची गोडी लागते. पण मामा म्हणून ओळख करून दिल्यावर मुलानं “चांदोमामा आपल्या गाडीमागे का येतोय? त्याला आपल्या घरी यायचंय का?” असं विचारलं, तर ते ओघानं आलंच. जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी शंभरएक वर्षांपूर्वी मुलांना नेमकं हेच विचारलं होतं. चंद्र आपल्यामागून चालतो, वारा त्याच्या इच्छेनं वाहतो, असं लहान मुलं ठामपणे सांगतात. त्यांना कुणी मामा शिकवला नव्हता. म्हणजे सगळा दोष आपल्यालाही घ्यायला नको.

याहून रंजक असतात ती व्याकरणाची वाक्यं. लोक त्यांना बोबडे बोल म्हणून सोडून देतात आणि मला वाईट वाटतं. मूल म्हणतं, “मी करलं.” “बाबा येला.” “तो जाला.” हे कुठल्याही मोठ्या माणसाकडून त्यानं ऐकलेलं नसतं, म्हणजे ही नक्कल नव्हे. बसला, हसला, उठला, पडला ऐकून त्यानं स्वतः नियम काढला आणि करणे, येणे, जाणे यांना लावला. मराठीनंच तिथे नियम मोडलाय. गंमत म्हणजे हेच मूल दोन-अडीच वर्षांचं असताना ‘केलं’, ‘आला’ बरोबर म्हणत असतं. तेव्हा ते पाठ असतं. मग नियम सापडतो आणि ‘करलं’ येतं. आईबाप म्हणतात, आधी बरोबर बोलायचा, आता बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं, मूल पुढे गेलेलं असतं. वर्ष-दोन वर्षांत अपवादही जागेवर बसतात. आणि सगळ्यांचे बसतात असंही नाही. महाराष्ट्रभर लाखो मोठी माणसं ‘पाणी पिलं’ आणि ‘मी म्हणलं’ असं बोलतात, त्यात मुलाचाच नियम आहे. पुस्तकी भाषावाले नाक मुरडतात, मी मुरडत नाही.

हा नियम मुलाच्या डोक्यात खरंच असतो हे १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं फार साध्या युक्तीनं दाखवलं. तिनं पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र काढलं, त्याला जगात नसलेलं नाव दिलं आणि चार ते सात वर्षांच्या मुलांना विचारलं, हा एक. आता असे दोन आहेत, हे दोन काय? बहुतेक मुलांनी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. मी शिक्षिकांच्या वर्गात याची मराठी आवृत्ती करायला लावते. “हा टुबा. आता हे दोन...?” “टुबे!” आणि हाच नियम घरी गेला की “आमच्याकडे दोन मामे आले” आणि “सगळ्यांचे बाबे आले होते”. आंबा-आंबे, डबा-डबे, तर बाबा-बाबे का नाही? तुम्ही कारण सांगून दाखवा, मग मुलाला हसा.

लिंगाचं आणखी एक. मराठीत ‘मी जातो’, ‘मी जाते’ असं बोलताना स्वतःचं लिंग सांगावं लागतं. जो मुलगा दिवसभर आई, आजी, मावशी यांच्यात असतो तो “मी येते”, “मी नाही जेवणार, मी दमले” असं म्हणतो, आणि बापाला उगाच धसका बसतो. त्यात काही नाही. त्यानं ‘मी’ला जोडून जे क्रियापद ऐकलं तेच उचललं. बालवाडीत इतर मुलगे भेटले की आपोआप सुटतं. कोल्हापूरकडे तर मोठ्या बायकाही सहज “मी आलो” म्हणतात, तिथे हा प्रश्न वेगळाच होऊन बसतो.

आकड्यांचीही अशीच कथा. सत्तावीस, अठ्ठावीस म्हणून झाल्यावर मूल दम घेतं आणि म्हणतं, “नवावीस, दहावीस.” एकोणतीस हा शब्द त्याच्या हिशोबात बसतच नाही, कारण त्यात तीस आहे आणि तीस तर अजून आलेले नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर खडाजंगी झाली, समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर टीका झाली, विधिमंडळापर्यंत विषय गेला. त्या वादात कुणी काहीही म्हणो, बालवाडीत बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं की मुलं ही पद्धत न शिकवताच वापरतात. माझं मत विचाराल तर दोन्ही ऐकू द्या; एकोणतीस काही पळून जात नाही.

वेळेचे शब्द मात्र खरोखर कठीण आहेत. ‘उद्या’ म्हणजे काय? आज जो उद्या होता तो उठल्यावर आज झालेला असतो. “तू म्हणालीस उद्या जायचं, मग आज का जातोय?” हा प्रश्न मला दोन-तीन मुलांनी वेगवेगळ्या वर्षी जवळजवळ त्याच शब्दांत विचारला आहे. ‘परवा’ तर मराठीनं मागेही ठेवलाय आणि पुढेही. म्हणून साडेतीन-चारपर्यंत ‘काल’ म्हणजे आधी कधीतरी आणि ‘उद्या’ म्हणजे आज नाही, एवढाच अर्थ धरून चाला. “दोनदा रात्र झाली की मामाकडे” असं सांगितलं तर नीट कळतं. आणि “एक मिनिटात आले” म्हणून वीस मिनिटं फोनवर बोलणाऱ्यांनी मुलाला वेळ कळत नाही म्हणू नये.

परदेशात किंवा इंग्रजी शाळेत वाढणाऱ्या मुलांच्या आज्यांना वेगळाच प्रसाद मिळतो. “आजी, मी थंड आहे.” आजी घाबरून कपाळाला हात लावते. मुलाला थंडी वाजत असते. त्यानं एका भाषेचा साचा दुसरीत ओतलेला असतो, आणि तोही अक्कलहुशारीनंच.

इथपर्यंत सगळं मजेचं झालं. आता ज्यासाठी एवढं लांब उत्तर लिहायला बसले तो भाग. मूल शब्दशः घेतं म्हणजे आपण सहज फेकलेलंही शब्दशः घेतं. आपल्याकडे काका-मामांचा एक ठरलेला विनोद असतो : “तुला काय आम्ही बोहारणीकडून घेतलं, दोन जुन्या साड्या देऊन.” सगळे हसतात, मूलही हसल्यासारखं करतं. आमच्या वर्गातली एक मुलगी रस्त्यावरून “भांडीऽऽ” अशी आरोळी आली की मधल्या सुट्टीतसुद्धा धावत आत येऊन पाट्यांच्या कपाटामागे बसायची. बरेच दिवस आम्हाला वाटत होतं की ती आवाजाला घाबरते. एकदा शेजारी बसून विचारलं तेव्हा म्हणाली, “ती मला परत न्यायला आलीय. साड्या तिला नको झाल्या.” तर्क पाहा. बोहारीण वस्तू घेते, देते, कधी बदलूनही देते. मुलीला माहीत असलेल्या जगात तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. “पोलिसाला देईन”, “भंगारवाल्याला देऊन टाकीन”, “डॉक्टरकाका सुई टोचतील हं” हे सगळं याच खात्यात जमा होतं. शेवटच्याचा भुर्दंड तर लगेच बसतो. पुढच्या लसीच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवरूनच रडारड सुरू.

त्याहून नाजूक म्हणजे मृत्यू. “आजोबा देवाघरी गेले.” मुलाचे पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कोणत्या गाडीनं गेले? चष्मा इथेच राहिला, मग त्यांना दिसतं कसं? कधी येणार? मोठ्यांना वाटतं पोर किती गोड बोलतंय. ते गोड बोलत नसतं, माहिती मागत असतं. घर आहे म्हणजे पत्ता असणार, गेले म्हणजे येणार. “शांत झोपले” म्हटलं तर रात्री ते झोपायला नकार देतं, किंवा तुम्ही दुपारी आडव्या झालात की येऊन पापणी उघडून बघतं. सगळ्यात वाईट वाक्य “चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणून नेतो.” हे ऐकून एका मुलानं आठवडाभर ठरवून वाईट वागून दाखवलं होतं. शाळेतून तक्रार गेली, घरी मार बसला, आणि कारण कुणी विचारलंच नाही.

मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काहीच करत नाही, आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, या तीन गोष्टी मुलांना साधारण पाच ते सातच्या दरम्यान नीट उमजतात. तोवर साधं सांगा. “आजोबा वारले. वारले म्हणजे मेले. त्यांचं शरीर बंद झालं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत. मला पण त्यांची आठवण येते.” घरातल्या मोठ्यांना ‘मेले’ हा शब्द अभद्र वाटतो, मला ठाऊक आहे. देव हवा असेल तर देवही सांगा, पण आधी हे सांगा. मूल तोच प्रश्न पुन्हा विचारेल, दहा वेळा विचारेल, आणि दहाही वेळा तेच उत्तर द्यावं लागेल.

डॉक्टरांकडेही या शब्दशः ऐकण्याची आठवण ठेवा. “कुठे दुखतं?” “घरी.” “कधीपासून?” “उद्यापासून.” असे संवाद बालरोगतज्ज्ञ रोज ऐकतात. “जिथे दुखतं तिथे बोट ठेव” म्हटलं की काम होतं. एकच प्रश्न दोनदा विचारू नका. तसं केलं की मूल समजतं, पहिलं उत्तर चुकलं, आणि दुसरं देतं. यावर १९७० च्या दशकात एडिंबरात एक सुंदर प्रयोग झाला. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडून विचारायचं, दोन्हीकडे सारख्या आहेत का? मूल म्हणतं, हो. मग मोठ्या माणसानं एक रांग पसरून लांब केली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, की बहुतेक चार-सहा वर्षांची मुलं म्हणतात, नाही, हिच्यात जास्त. पियाजेंच्या मते मुलाला संख्या कळलेली नसते. मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या संशोधकांनी तीच रांग एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडून ‘चुकून’ विस्कटून घेतली. आता कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. मोठ्या माणसानं मुद्दाम हलवलं आणि परत विचारलं म्हणजे काहीतरी बदललं असणारच, असा अंदाज मुलांनी आधी बांधला होता. अस्वलाचा हेतू काहीच नव्हता, म्हणून तेव्हा नुसत्या सोंगट्या पाहिल्या. म्हणजे इथे मुलं शब्दशः घेत नव्हती, उलट आमच्या मनातलं ओळखायला जात होती आणि त्यात फसत होती. दोन्ही गोष्टी एकाच वयात, एकाच मुलात असतात. मुलांबद्दल सरसकट विधान करणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते.

तुमचा मुलगा का रडला, ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल. काम सांगितलं, त्यानं केलं, आणि बक्षीस म्हणून चार माणसं त्याच्याकडे बघून हसली. अशा वेळी हसू आवरत नाही, आवरूही नका. हसण्याचं कारण मात्र त्याला द्या. “तू बरोबर विचारून आलास. आजीला उठवायचं नव्हतं हे मी सांगितलंच नाही, म्हणून हसू आलं.” पुढच्या वेळी वाक्य पूर्ण करा : “दारातूनच बघ, आजीचे डोळे मिटलेत का. आवाज करायचा नाही.” व्याकरणाच्या बाबतीत “करलं नाही, केलं म्हण” अशी दुरुस्ती करू नका, तिचा उपयोग शून्य आणि मूल गप्प होतं. “हो? तू केलंस? काय काय केलंस?” असं बोलत राहा. योग्य रूप त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही पुढे जातात.

आणि “काकांना म्हणून दाखव बरं” बंद करा. इथे माझं मत कडक आहे. जे वाक्य सहज आलं त्यावर हसणं वेगळं आणि तेच वाक्य पाहुण्यांपुढे करायला लावणं वेगळं. काही मुलं मग मुद्दाम बोबडं बोलत राहतात, कारण त्याला टाळ्या आहेत. काही मुलं पाहुणे आले की पलंगाखाली शिरतात. मोबाईलनं तर कहर केलाय. वाक्य संपायच्या आत व्हिडिओ, व्हिडिओ संपायच्या आत नातेवाइकांच्या ग्रुपवर. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपल्यावर हसतात हे पुरतं कळतं. लिहून ठेवा की. तारीख, वय, वाक्य आणि ते कशावरून आलं, एवढं पुरे. वहीला टाळ्या वाजवता येत नाहीत, हा तिचा मोठा गुण.

सासूबाईंच्या मुद्द्याकडे यायचं राहिलं. आगाऊपणा आणि शब्दशः ऐकणं ओळखायची खूण सोपी आहे. आगाऊ मूल बोलून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे बघतं, परिणाम काय झाला ते तपासतं. तुमच्या मुलानं “नाही झोपली” म्हणताना असं बघितलं नसणार, तो निरोप देऊन मोकळा झाला असणार. दोन-तीन वर्षांनी तो बघायला लागेल. “तोंड बंद कर” म्हटलं की “मग जेवू कसा?” असं डोळे मिचकावत विचारेल. त्या दिवशी सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल, आणि त्या दिवशी तुम्ही खूश व्हायला हवं. कारण त्याला दोन्ही अर्थ कळलेले असतील आणि त्यातला गैरसोयीचा त्यानं मुद्दाम निवडलेला असेल. कोडी आणि शब्दांचे विनोद याच सुमारास आवडायला लागतात. त्याआधी मूल विनोद सांगतं तो फक्त तालावर. “एक होता हत्ती, तो पडला” एवढं सांगून गडाबडा लोळतं. म्हणी आणि वाक्प्रचार तर पुढे दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत आणि त्यानंतरही शिकणं चालूच असतं. ‘पोटात कावळे ओरडतात’ हे लवकर समजतं, कारण पोटातून आवाज येतो. ‘हात दाखवून अवलक्षण’ मात्र कितीतरी मोठ्यांनाही नीट सांगता येत नाही.

आता मैत्रिणीची शंका. चार वर्षांचं मूल शब्दशः घेतं, एवढ्यासाठी डॉक्टर नको. मी पाहते ते बाकीचं. हाक मारली की वळून बघतो का? हवी ती वस्तू, आवडलेली गोष्ट बोटानं दाखवून तुमच्याकडे बघतो का? खोटा-खोटा खेळ खेळतो का, म्हणजे रिकाम्या कपातून चहा पाजतो, बाहुलीला झोपवतो? दुसऱ्या मुलांजवळ जावंसं वाटतं का? तुम्ही म्हटलेलं वाक्य अर्थ न कळता जसंच्या तसं परत म्हणत राहतो का? सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी स्वतःची दोन शब्दांची वाक्यं नसतील, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द जायला लागले असतील, तर थांबू नका. “त्याचे बाबाही उशिरा बोलले” हे ऐकून घ्या आणि तरीही जा. आणि आठ-नऊ वर्षांचं मूल अजून प्रत्येक गमतीला शब्दशः घेत असेल, त्यामुळे त्याला मित्र टिकत नसतील, तरीही जा.

पहिली तपासणी कानांची करून घ्या. अर्धवट ऐकू येणारं मूल अर्ध्या वाक्यावर वागतं, आणि घरच्यांना ते हट्टी किंवा विचित्र वाटतं. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, आणि गरज पडली तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ. नोंदणी विचारायला लाजू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत तो आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला विचारा. जाताना ती वही बरोबर न्या. “हा विचित्र बोलतो” असं सांगण्यापेक्षा तारखेसकट दहा-बारा वाक्यं समोर ठेवली, तर तपासणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. वाक्याआधी तुम्ही काय म्हणाला होतात, तेही लिहायला विसरू नका.